कॅबिनेटला पाडलेली भोकं

"तू जरासा बाहेर ओटावर थांब रे," नाना म्हणाले. मी थांबलो. हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच. उघड्या दारातून मला कॉम्प्युटर दिसत होता. होता त्यांचाच, पण त्यातला एकेक स्क्रू मी आवळलेला.

पाच मिनिटांपूर्वी नानांनी विचारलं होतं, "तू दोंडाईचाना शे ना? टेशनजोडे चपला शिवस, त्याना पोऱ्या का?" मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? नाना मूळचे दोंडाईच्याचे मिरचीचे व्यापारी, धुळ्यात बंगला बांधलेले. त्यांच्या घरातल्या कितीतरी चपलांना माझ्या बापानं टाके घातले होते.

आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज आला. "बठ्ठा सामानले त्याना हात लागना शे. पह्यले गोमूत्र शिपडू द्या, मंग पूजा." सगळ्या सामानाला माझा हात लागला होता ना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यातल्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडायचं काम करायचो. नानांच्या मुलाला, पंकजला, गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. घरी सांगितलेलं, कॉलेजच्या अभ्यासाला. त्यामुळे बजेट अभ्यासाचं आणि भूक गेमची.

आठवडाभर तो रोज माझ्या बाकावर येऊन बसला. "भाऊ, प्रोसेसर भारीवाला घेऊ ना." मी म्हणायचो, नको. प्रोसेसर एक पायरी खालचा घे, म्हणजे वेगळं डिस्प्ले कार्ड बसेल. गेममधली गाडी त्या कार्डावर पळते. मॉनिटर चौदा इंची. मोडेम नको, स्पीकर नंतर बघू. पण रॅम दुप्पट, आणि पॉवर सप्लाय चांगलाच, कारण आमच्या विजेचा काही भरवसा नाही. सगळ्यात जास्त काटकसर केली ती कॅबिनेटमध्ये. पातळ पत्र्याचा डबा. एप्रिलमध्ये त्याची आतून भट्टी होणार, म्हणून मी वरच्या पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडली, कानशीनं कडा घासल्या आणि खाली जास्तीचा पंखा बसवला. मला कोणी सांगितलं नव्हतं. पंकज त्यावरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, कंपनीचंच वाटतं." मग आम्ही एक चहा दोघांत घेतला. त्या आठवड्यात मला वाटलं होतं, बापाची आरी मागे राहिली, आपण पुढे आलो. मूर्खच मी.

पूजा कॉम्प्युटर चालू ठेवून करायची होती. पडद्यावर गेमची गाडी उभी. मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक. अक्का तांब्या घेऊन आल्या. वर भोकं. भोकांखाली पंखा. पंख्याखाली मदरबोर्ड.

एक वाक्य पुरलं असतं. अक्का, वरून ओतू नका, आत जाईल. अगदी जिभेवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे तुम्ही हे का करताय ते मला कळलंय, हेही बोलल्यासारखं झालं असतं. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला.

अक्कांनी आधी शिंपडलं. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून ओंजळभर वरच्या पत्र्यावर सोडलं. चट्. पडदा काळा. मग वास आला. जळकं प्लास्टिक, गरम धूळ आणि गोमूत्र. तो वास अजून माझी पाठ सोडत नाही. एखादं मशीन अगदी कोरडं असतं, झाकण काढतो आणि येतोच. हात साबणानं धुतो, तरी येतो.

दुसऱ्या दिवशी नाना आणि पंकज कॅबिनेट घेऊन दुकानात आले. "तुमच्या माणसानं हलका माल घातला," नाना मालकांना म्हणाले. मालकांनी दुरुस्तीचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "कारणाच्या रकान्यात लिही, पार्ट निवडताना चूक झाली. सही कर आणि नानांची माफी माग."

मी झाकण उघडलं. पंख्यावर पिवळे डाग सुकलेले. मदरबोर्ड एका कोपऱ्यात काळा.

"पंकज, आपण पार्ट चुकीचे निवडले का रे?"

पंकज नानांच्या मागे सरकला. या वेळी त्यानं मला 'भाऊ' म्हटलं नाही.

ओट्यावर उभं केलं ते मी गिळलं होतं. पण माझ्या हातांची चूक झाली हे मीच लिहायचं? माझा बाप आयुष्यभर हेच ऐकत आला. चप्पल असायची कुजलेली, अंगठा पुन्हा तुटायचा, आणि लोक म्हणायचे, टाका कच्चा घातला. बाप मान खाली घालून फुकट दुसरा टाका घालायचा. त्या क्षणी ती खाली गेलेली मान मला समोर दिसली, आणि मला त्याचा नाही, माझा संताप आला.

मी पेन घेतलं. लिहिलं, 'जोडणाऱ्याचा विटाळ काढायला वरून गोमूत्र ओतलं. ते आत गेलं. पार्ट चांगले होते.' खाली सही केली. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती.

"जास्त शहाणा व्हयी गया का तू?" नाना ओरडले.

"नाही नाना. काल बोलायचं राहिलं होतं."

"उद्यापासून येऊ नको," मालक म्हणाले. मी म्हणालो, आत्ताच जातो. स्क्रू ड्रायव्हर माझा होता, तो उचलला.

पण एक दिवस उशीर झाला होता. ते मशीन माझ्या डोळ्यांदेखत मेलं आणि मी वाचवलं नाही. याला माफी नाही. मी स्वतःला देतही नाही.

कॅबिनेटला भोकं मी अजून पाडतो. कुणाच्या घरी मशीन जोडलं की ते चालू होईपर्यंत त्याच्या शेजारीच उभा राहतो. आडनाव विचारलं तर स्पष्ट सांगतो. आणि मग कोणी म्हणालं, जरा बाहेर थांब, तर मी प्लग काढतो, पहिला स्क्रू उलटा फिरवतो आणि एकेक पार्ट परत पिशवीत भरायला लागतो.