अप्पांच्या गुडघ्यावरचा बिबा

आमचे अप्पा, म्हणजे वडील, वडवणीत तेलाचं दुकान चालवत. सुट्या करडईच्या तेलाशेजारी रिफाइंडच्या पिशव्या लटकायला लागल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. माणूस हट्टी, पण सकाळच्या पूजेत अगदी हरवून जायचा. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसले की गिऱ्हाईक दाराशी खोळंबलं तरी हलायचे नाहीत. दुकान रोज उशिरा उघडायचं.

मग गुडघा सुजला आणि मांडी घालणं अवघड झालं. मी तेव्हा औरंगाबादला जीवरसायनशास्त्र शिकत होते. एसटीडी बूथवरून विचारलं की एकच उत्तर, बरं हाय. त्या 'बरं हाय'ची मला अजून चीड येते. दिवाळीला घरी आले तर गुडघा काळवंडलेला, फोडांनी भरलेला.

आमच्याकडे दुखऱ्या सांध्यावर बिबा लावतात. दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल सुटतं, सुईनं त्याचे ठिपके द्यायचे. अप्पांना तो चांगलाच उतला होता, फोडांभोवतीची कातडी लालभडक झाली होती. त्यांना मात्र ती लाली म्हणजे औषध लागू पडल्याची खूण वाटे. ती जरा ओसरली की पुन्हा नवे ठिपके. फोड फुटू नयेत म्हणून पाय कायम सरळ.

मला रडू आलं आणि रागही. नुकतंच शिकलेलं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. आपल्या पेशींच्या आवरणात चरबी असते. इजा झाली की तिच्यातलं एक मेदाम्ल सुटं होतं आणि त्यापासून ल्युकोट्राईन नावाचं द्रव्य बनतं. ते भोवती पसरतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्या मागावर निघतात, रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढतात आणि ते जिकडे दाट तिकडे सरकत जातात. येतात जंतू मारायला, पण फार जमल्या की आपल्याच मांसाची नासाडी करतात. बिबा भाजतो म्हणून त्या येतात, आणि अप्पा तर लाली जाऊच देत नव्हते.

तेलाचा धंदा केलेला माणूस. 

"म्हंजे आंगातलंच तेल हाका मारतंय," ते म्हणाले, "आन् मीच त्याला रोज वरडायला लावतोय."

बिबा त्याच दिवशी थांबला. कातडी हळूहळू भरली. पण इतके महिने न वाकलेला गुडघा आखडला तो आखडलाच. बीडच्या डॉक्टरांनी खूप व्यायाम करवून घेतला, तरी मांडी काही घालता आली नाही. हे सगळं एक सत्र आधी शिकून मी घरी आले असते तर, असं आजही वाटतं, आणि त्याला काही इलाज नाही.

शिवरात्रीला आले तेव्हा अप्पा लोखंडी खुर्चीवर बसून पूजा करत होते. दोन मिनिटांत पूजा आटोपून उठले. देवाला खुर्ची चालते, असं मी म्हटलं.

"देवाचं काय न्हाई गं. मलाच बसल्यावानी वाटत न्हाई."

तेव्हापासून आमचं दुकान वेळेवर उघडू लागलं.