मूठ हातात, टेप पायात

खोटं कशाला बोलू? ती कामाला आली त्याच आठवड्यात माझ्या पोटात दुखायला लागलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची गिरणी बंद पडली, आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो आणि मी तुर्भ्याच्या एका गाळ्यात कामाला लागले. फायबरच्या टाक्या, खुर्च्या, पंख्याची पाती, असलं काय काय बनायचं तिथं. दोन वर्षांत रेझिनच्या चिकट रसात तो घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा ते मी नुसतं डोळ्यांनी सांगायला लागले. शेठ नव्या बायकांना म्हणायचे, "बाईंना विचारा." बाई म्हणजे मी. तोरा होता मला त्याचा, का नसावा?

मग एक म्हातारे साहेब आले. गळ टाकून मासे पकडायचा त्यांना भारी शौक, आणि रॉडसुद्धा स्वतःच्या हाताच्या मापाने बनवून घेणार. कुठूनतरी बाहेरून कार्बनचं काळं कापड मागवलं होतं त्यांनी. त्याची रॉडला मूठ हवी होती, आतून पोकळ, फुलासारखी हलकी. "मासा नुसता तोंड लावून गेला तरी माझ्या तळव्याला कळलं पाहिजे," म्हणाले. त्यांच्या दोस्तांनाही अशाच मुठी हव्या होत्या. शेठनी आम्हाला सांगून टाकलं, नमुना पास झाला तर मुठींच्या कामावर एक बाई परमनंट. एकच.

घरात नवरा दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला. परमनंट हा शब्द मी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत गेले.

काम दिसायला सोपं. फोमच्या दांड्यावर कार्बनचं कापड चढवायचं, रेझिन पाजायचं, वरून प्लॅस्टिकची टेप गुंडाळायची. टेप सारख्या ताणाने बसली की जास्तीचं रेझिन बाहेर येतं आणि मूठ घट्ट होते. सुकल्यावर टेप सोलून फेकायची, आतला फोम कोरून काढायचा. ताण जरा इकडेतिकडे झाला की सुरकुती पडलीच, नाहीतर सुईच्या टोकाएवढी भोकं. माझ्या तीन मुठींतल्या दोन वाया जायच्या. मी कापडाला नावं ठेवायची, टेपला ठेवायची, पंख्यालासुद्धा ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं!

आणि ही बया सारसोळ्याची, कोळ्यांची. खाडीत मासा कमी झाला म्हणून कामाला आलेली. रेझिन या शब्दाला रेजीम म्हणणारी. पहिल्याच दिवशी स्टूल बाजूला सारून खाली फतकल मारून बसली. टेपचं एक टोक पायाच्या बोटांत धरलं, पाय लांब केला, आणि दोन्ही हातांनी मूठ त्या ताणलेल्या टेपवर गोल गोल फिरवत पायाकडे नेली. लहानपणापासून जाळी अशीच पायात अडकवून विणलेली तिने. सुकल्यावर टेप सोलली तर काय, एक सुरकुती नाही! कापडाची वीण आरशासारखी चकाकत होती. शेठ म्हणाले, "वा!" मला दोन वर्षांत कधी वा म्हणाले नव्हते.

आठवडाभर मी जळत होते. जेवायच्या सुट्टीत ती सुकटीची चटणी पुढे करायची, "घे गो, खा," आणि मी म्हणायची पोट बरं नाही. ते तरी खरंच होतं.

शेठचा एक नेम होता. कुठल्याही नव्या मालाचा पहिला नग देवाच्या फोटोपुढे ठेवायचा, डोळ्यांना लावायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. मी तेवढंच धरलं. एका सकाळी त्यांच्या टेबलापाशी जाऊन हळूच म्हणाले, "शेठ, जी मूठ तुम्ही देवापुढे ठेवणार, ती ही बाई पायात धरते."

मूठ म्हणाले मी. टेप नाही म्हणाले.

शेठ ताडकन उठले. ती बिचारी सांगत होती, "मूट नाय वो शेठ, टेप धरतंय मी. टेप तं फेकून देतो ना आपन." पण पाय हा शब्द एकदा कानात गेला होता. तिला स्टुलावर बसवलं. दोन दिवसांत तिच्याही मुठींना सुरकुत्या पडल्या आणि तिची रवानगी पॉलिश पेपरने घासायच्या कामावर झाली. मूठ माझ्याकडे आली. गार वाटलं मला, खरंच सांगते.

फार टिकलं नाही ते. साहेब नमुना बघायला येणार त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या सगळ्या मुठी वाया. शेवटी दुपारी सगळे चहाला गेल्यावर मी गोदामाच्या दाराआड खाली बसले आणि टेप पायाच्या अंगठ्यात धरली. सटकली. परत धरली, परत सटकली. मान वर केली तर ती दारात उभी, अंगभर काळी भुकटी.

"आता तुजा पाय चालतंय काय गो?"

मी पाय साडीखाली ओढला. ती उकिडवी बसली आणि माझा पाय धरून म्हणाली, "आंगठ्यानं दाबू नको. फटीत धर. नि गुडगा सोड, ताट ठेवू नको."

मूठ साधली. पहिल्या झटक्यात.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर शेठनी ती मूठ फोटोपुढे ठेवली, डोळ्यांना लावली. साहेबांनी तळव्यात घेतली, दुसऱ्या हाताच्या नखाने टोकाला टिचकी मारली आणि हसले. "कुणी केली?"

मी म्हणाले, "मी."

शेठ कौतुकाने माझ्याकडे वळले आणि मला एकदम आठवलं, माझ्या पायाच्या बोटांच्या फटीत काळं रेझिन वाळून घट्ट बसलं होतं. रॉकेलने घासूनही निघालं नव्हतं. चपला दाराबाहेर. पाय मागे घ्यायला मागे भिंत. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने नुसतं खाली बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

तिच्या हातातलं पुसायचं फडकं खाली पडलं, बरोबर माझ्या पायावर. साहेब गाडीत बसेपर्यंत तिने ते उचललं नाही.

एकच बाई ठेवायची म्हणून त्याच शनिवारी तिला कामावरून कमी केलं. मी परमनंट झाले, बारा वर्षं मुठी केल्या, सगळ्या दाराआड बसून. तिच्याइतकी सफाई पुढे मलाही आली. तिच्या हाताचा हेवा मग उरला नाही. पण तिच्या जागी मी असते तर फडकं टाकलं नसतं, बोटच दाखवलं असतं. हे मला तिथं उभी असतानाच कळलं होतं, आणि तिच्या त्या मनाचा हेवा अजून जात नाही.