धुतलेले मटार

दादाचं वजन उतरत होतं आणि मी तक्ता आखत होतो. सरकारी नोकरीत तीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. संकट आलं की माझा हात आपसूक पट्टीकडे जातो.

घशाच्या आजारामुळे दादाला घट्ट काही गिळवत नव्हतं. वजन आणखी घसरलं तर पुढचे उपचार झेपायचे नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादाला मात्र एकच हवं होतं, डब्यातले मटार, कुस्करून. कोराडीच्या वीज केंद्रात होता तेव्हा पाळीवर स्क्रूड्रायव्हरनं डबा फोडून तो तसेच खायचा म्हणे.

मी मॉलमध्ये गेलो. एका हातात मटारचा डबा, दुसऱ्यात सोयाबीनच्या दुधाचं केशर-वेलचीवालं पाकीट. चष्मा कपाळावर ढकलून बारीक छपाईतले आकडे वहीत उतरवले. प्रथिनांत दूध थोडं पुढे, मिठात डबा कितीतरी पुढे. झालं! डबा नापास. दादाच्या आजारात मिठानं काय बिघडतं, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. मीठ वाईट, एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं.

पहिला पेला तोंडाला लावून दादानं माझ्याकडे पाहिलं.

"सोयाबीन लोकं बाजारात विकाले नेतेत. तू मले पाजून राहिला, काहून गा?"

"ताकद येते त्यानं."

"मग तूच पी. तक्ते आखाले कामी येईन."

वहिनी हसल्या. मीही हसलो, आणि दुसरं पाकीट फोडलं. तीन आठवडे हेच. दोन घोट घेऊन तो पेला बाजूला सारायचा. वजनाचा काटा खालीच जात राहिला.

शेवटी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंपुढे मी मोठ्या अभिमानानं वही ठेवली. बाई तिशीतल्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी दोन रकान्यांवर बोट ठेवलं.

"काका, मटारचे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत. दुधाचे अख्ख्या पाकिटाचे. आणि पाकीट ते पूर्ण पितात का?"

मी वही मिटली.

"मिठाची त्यांना मनाई नाहीये. तरी भीती वाटत होती, तर मटार चाळणीत धुऊन घ्यायचे. बरंच मीठ निघून जातं. खाऊ द्यायचे होते हो त्यांना."

त्याच दुपारी डबा आणला. एकदा धुवायचे, तर मी तीनदा धुतले. मऊ शिजवले, लोणी घालून घोटले. वहिनींनी उशी लावून दादाला बसवलं. मी चमचा पुढे केला. त्यानं तो घास तोंडात बराच वेळ धरला. गळ्याची घाटी वर-खाली झाली. गिळला एकदाचा.

"फिकं आहे गा," तो म्हणाला. "मीठ टाक थोडं."

मी उठलो. स्वतःला शिव्या घालत स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडले. मीठ गॅसजवळच होतं, मला दिसलं नाही. चिमटीत घेऊन परत आलो, तर दादानं मान भिंतीकडे वळवली होती.

"दादा, आता खाऊन पाहा."

त्यानं नुसता हात हलवला. दमला होता.

"राहू द्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी त्याला पाणीही गिळवेना. नाकातून नळी घातली. नळीतून जाणाऱ्या पातळ खाद्याला चव लागत नाही म्हणतात. मी मात्र त्या दिवशीही डॉक्टरांना विचारलं, यात मीठ असतं का.