कानातली गिरजा

माझ्या सवतीला मी वितळवलं. ती बिचारी त्याच्या सहा वर्षं आधीच वारली होती, म्हणून पोलीस वगैरे काही आले नाहीत.

साठ-एकसष्ट साल असेल. आमचं गाव केळापूरच्या अलीकडं. मी ह्यांची दुसरी. पहिली गिरजा बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. मी आले ती तिच्याच चुलीपुढं, तिच्याच जात्यावर, आणि अंगावर दागिनेही तिचेच! आधी ते सासूबाईंचे, त्यांच्यामागं गिरजाचे, तिच्यामागं माझे. (दोघींना पोचवून दागिने माझ्याकडं आले होते. मी जरा जपूनच घालायची.) गोठ असे जड, की वावरात तण निंदायला बसलं तर हात उचलायला दुसरी बाई लागावी.

आणि वरून टाक! आमच्याकडं पहिली गेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधतात. सोन्याच्या पत्र्यावर उठवलेली नखाएवढी बाई. नवरा विसरला तरी चालतं, आठवण ठेवायची ती सवतीनं! वाकलं की त्याचा कोपरा टोचायचा. मी म्हणायची, "गिरजाबाई, जरा सरका." ती कसली सरकते!

एक दिवस मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे ओझं मोडून रोज घालता येईल असं काही करू का?"

"कर ना. मले कायले पुसतं? मी थोडाच घालून राह्यलो?"

मी सगळं फडक्यात बांधलं आणि पांढरकवड्याच्या सोनाराकडं गेले. टाक त्या दिवशी टोचत होता म्हणून सकाळीच काढून त्याच फडक्यात ठेवला होता.

सोनारानं विचारलं, "सगळंच आटवू का, बाई?"

"सगळंच. हलकंफुलकं पाहिजे, रोजच्या वापराचं."

पंधरा दिवसांनी दोन बारीक बांगड्या, एक साखळी आणि कानातली फुलं घेऊन मी घरी आले. काय ती फुलं! त्या आठवड्यात मी विहिरीवर गरज नसताना इतक्या खेपा केल्या, की घरात हंडे ठेवायला जागा उरली नाही.

मग पितृपक्ष लागला. नवमी तोंडावर आली, आणि माझा हात गळ्याशी गेला.

नवरा जिवंत असताना गेलेल्या बायांची ती नवमी. दर वर्षी गिरजाची माय ढाणकीहून दोन मोटारी बदलून यायची. माझ्या गळ्यातला टाक तळहातावर घ्यायची, दुधानं धुवायची, हळदकुंकू लावायची, अंगठ्यानं कुरवाळत लेकीशी बोलायची. मी मान वाकवून उभी! गिरजाचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. म्हातारीपाशी लेकीचं तोंड म्हणून होतं ते एवढंच.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पाण्याचा लोटा खाली ठेवला, म्हणाले, "तू जाण अन् ते माय जाणे," आणि वावरात निघून गेले. (दोन बायकांचा नवरा! पण तोंड द्यायची वेळ आली की वावर.)

मी पळत सोनाराकडं.

"काका, टाक आटवला?"

"तुम्हीच म्हणाल्या ना, सगळंच! लहान होता म्हणून येगळा आटवला. त्याचेच तर हे फुलं केले."

मी दुकानातच खाली बसले. कानांना हात लावायचीही छाती होईना.

"घाबरता कायले? दुसरा करून देतो. हुबेहूब."

"तुम्हाला तिचा चेहरा आठवतो?"

त्यानं पितळी डबीतून ठसा काढला. "चेहरा कायचा आठवा लागते, बाई? हा एकच ठसा हाये मायाजवळ. बापाच्या वक्तापासून." म्हणजे वणीपासून इथपर्यंत, या दुकानात ज्यांचे टाक घडले त्या सगळ्या पहिल्या बाया दिसायला सारख्याच! मी माहेरची अंगठी काढून दिली. त्यातून नवी गिरजा तयार झाली.

नवमीला माय आली. पाय धुतले, पाटावर बसली, टाक तळहातावर घेतला. डोळ्यांनी तिला कमीच दिसायचं. तिनं अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"हे माही गिरजा नोहे."

"असं काय करता, माय? तीच आहे!"

"सहा वर्सं या आंगठ्यानं तिचं नाक झिजवलं म्या. हिचं तं नाक टोकदार हाये. माही पोरगी कुठी हाये वं?"

कढईत फोडणी जळत होती. मी उठले नाही. टाक विसरून फडक्यात गेला, असं मी ह्यांना सांगितलं होतं. आता ह्या वयात कशाला खोटं बोलू? फडकं बांधताना टाक मला दिसला होता.

"कानात आहे," मी म्हटलं.

"कोनत्या?"

"दोन्ही. अर्धी इकडं, अर्धी तिकडं."

  म्हातारीनं वाटीतलं दूध घेतलं आणि माझ्या दोन्ही कानांवर ओतलं. फुलांना हळदकुंकू लावलं. मग उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "गिरजे, औंदा कापूस बरा हाये. भुरी म्हैस व्याली. तुहा बाप खोकलते, पन हाये." आणि मला धरून वळवलं, आणि डाव्या कानात तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. अर्ध्या लेकीला कमी कळू नये म्हणून!

निघताना म्हणाली, "आता हे काढू नोको. झोपताना नोको, न्हाताना नोको."

पुढं अकरा वर्षं ती येत राहिली. ढाणकीची सगळी बातमी मला दोनदा कळायची.

नवा टाक पेटीतच राहिला. ह्यांनी विचारलं, "मोडून टाकू का?" मी म्हटलं, "राहू द्या. चेहरा सगळ्यांचा एकच, तुमच्या तिसरीला लागेल." ह्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता हे गेले, मायही गेली. मला ऐकू कमी येतं. परवा डॉक्टर म्हणाला, "आजी, कानात यंत्र बसवू. आधी हे फुलं काढा." मी म्हटलं, "बाप्पा, ते जमायचं नाही." रोजच्या वापराचं मागितलं होतं ना मी! एक दिवसही कान मोकळा मिळाला नाही. सवतीला गळ्यातून उतरवायला निघाले होते, आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, सोनाराला मजुरी देऊन, तिला कानात बसवून आले.