मुठीतली नोट

काल नातीने लाळेने ओलं झालेलं बिस्किट माझ्या तळहातावर ठेवलं आणि मला भुईगावची जानकीमावशी आठवली. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत शिकवायला गेले की माझ्या निलेशला शेजारची ही मावशी सांभाळायची. तिच्या लुगड्याला केळीच्या चिकाचा वास यायचा. ठरलेला पगार ती घ्यायची, पण दिवाळीला खुशीने वर काही द्यायला गेलं की हात मागे.

"पोरावर माया लागली, तिचे पन पैसे घेऊ?"

त्या दिवाळीला मी एक कोरी करकरीत नोट निलेशच्याच मुठीत दिली. त्याने ती थेट तोंडाकडे नेली. मावशीने घाईघाईने तळहात पुढे केला आणि ती म्हणाली, "दे." हा खेळ तिनेच त्याला शिकवला होता. त्याने नोट तिच्या हातावर ठेवली आणि स्वतःच टाळ्या पिटल्या.

"लेकराने दिलेलं परत करायचं नसतं, मावशी," मी म्हणाले.

ती मग हसली आणि नोट कनवटीला खोचली.

मला तर गड जिंकल्यासारखं झालं होतं. शाळेत बाई मी होते, पण त्या दिवशी पहिला आलेला विद्यार्थी जानकीमावशीचा होता.