जुना कंपायलर आणि आमचे शेजारी

आमच्या समोरचे शेजारी प्रोग्राम लिहितात. काहीही विचारा, आधी "थांबा काकू" म्हणतात. लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देतो तो कंपायलर, हे मला त्यांनीच शिकवलं. कारध्याच्या राइस मिलचा वजनकाटा मधेच अडायचा, धान घेऊन आलेली माणसं ताटकळायची. काट्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला मिलवाल्यानं शेजाऱ्यांना बोलावलं. चूक पॉइंटरची, म्हणजे माहिती मेमरीत कुठे ठेवली त्या पत्त्याची होती. नव्या कंपायलरात ते पत्ते सांभाळायची आयती सोय होती, पण त्या काट्याला जुनाच कंपायलर चालायचा.

"मंग नवा काटा घ्या म्हणा ना त्याईले," मी म्हटलं.

"थांबा काकू. माहं काम सोपं व्हावं म्हणून त्याईनं काहून घ्यावा?"

चार दिवस बसून त्यांनी तीच सोय जुन्यासाठी हातानं लिहिली. मिलवाल्यानं भीतभीत विचारलं, "काय काय बदलवा लागन, भाऊ?"

"काही नाही जी," म्हणाले, आणि काट्यावर पहिलं पोतं ठेवायला लावलं.