विलायतेची एक संध्याकाळ, मुक्काम कोहिनूर

काही घरांत भांडी साठतात, काही घरांत भांडणं. आमच्या कोहिनूर गावच्या गल्लीत किस्से साठतात! त्यातले निम्मे एकाच व्हिडिओ कॅसेटचे. ज्यांनी ती पाहिलीच नाही, तेसुद्धा आता डोळ्यांनी पाहिल्यासारखे रंगवून सांगतात. मी तिथं होतो, म्हणून माझ्याकडून ऐका.

भागीरथीअक्का आमच्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, मीही. तिचा एकुलता एक गौतम माझा वर्गमित्र. तो डॉक्टर होऊन इंग्लंडला गेला आणि मी इथंच हायस्कूलला इंग्रजीचा मास्तर झालो. गौतमचे वडील वारल्यापासून अक्का एकटी पडली आणि त्याचा एकच धोशा सुरू झाला, "अक्का, इकडं राहायला ये." अक्काचंही उत्तर ठरलेलं, "तू जाशील दवाखान्यात. मागं मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

शेवटी पठ्ठ्यानं युक्ती काढली. तिकडच्या सरकारी चॅनलवरची एक अख्खी संध्याकाळ जशी लागली तशी कॅसेटवर भरली आणि हैदराबादच्या मित्राबरोबर पाठवून दिली. निरोप एवढाच, "रोज संध्याकाळी मी हे बघतो. अक्काला दाखवा, म्हणजे तिची भीती मोडेल."

गल्लीत तेव्हा कुणाकडेच टीव्ही नव्हता. आमच्या तालुक्याच्या गावी, कल्याणला, व्हिडिओ भाड्यानं देणाऱ्या रशीदभाईंनी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ जीपमधून आणला, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये मांडला आणि रविवारी दुपारी गाव लोटलं. इंग्रजी समजावून सांगायला मी. मला निम्मंच समजत होतं, हे इथं तुम्हाला म्हणून सांगतो.

* * *

पहिल्याच बातम्या. सुटाबुटातला एक माणूस सरळ आमच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "गुड ईव्हनिंग." अक्का पदर सावरत उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "जय भीम, बाबा!"

"अक्का, बस. तो काही तुला बघत नाही."

"कामून न्हाई? माझ्याकडं बघूनच बोलायलाय की त्यो! घरी आलेला मानूस बोलायलाय आन् आपन बसायचं व्हय?"

अक्का उभी म्हणून बायका उभ्या राहिल्या, बायका उभ्या म्हणून गडी उभे राहिले. तिकडं संप चालले होते, पूर येत होते, मंत्री गाडीतून उतरत होते आणि इकडं आख्खं कोहिनूर शाळेच्या प्रार्थनेसारखं उभं! त्यात वीरण्णा अप्पाही होते. अप्पा गावचे मोठे शेतकरी, विहाराची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेले. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले.

"मास्तर, लई शिकलेला दिसतोय ह्यो," अप्पा म्हणाले. "पन बसा म्हनायचं कुनी शिकवलं न्हाई वाटतं!"

हॉल हसला. मग अप्पा मागं वळले आणि म्हणाले, "अक्का, आदी तू बस."

अप्पांची सगळी मुलं अक्काच्या हातावर झाली. प्रत्येक बाळंतपणानंतर ती त्यांच्या अंगणात उभी राहायची, सुपातली ज्वारी वरून तिच्या पदरात पडायची आणि ती निघायची. त्या वाड्यात तिला कुणी बस म्हटल्याचं गावाला आठवत नाही. अक्कानं अप्पांकडं जरा वेळ पाहिलं आणि ती बसली. मग सगळे बसले. त्यापुढच्या बातम्या मला कळल्याच नाहीत, आणि त्यात इंग्रजीचा काही दोष नव्हता.

* * *

बातम्यांनंतर नकाशापुढं एक जण आला आणि हातानं ढग चिकटवायला लागला. उद्या इथं पाऊस, तिथं ऊन.

अप्पांनी आ वासला. "उद्याचा पाऊस ह्यो आजच चिटकवायलाय?"

मी समजावलं की हा नकाशा तिकडचा, आपला नाही, आणि कॅसेट भरूनही कित्येक महिने झाले. अप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ध्यानीमनी नसताना अप्पांच्या तुरीवर सडकून पाऊस पडला!

झालं! तेव्हापासून पिकाला पाण्याची ओढ लागली की अप्पांचा माणूस कल्याणला, "रशीदभाई, त्या ढगवाल्याला एकदा लावा." रशीदभाई येत, ढगवाला ढग चिकटवी, अप्पा त्याला हात जोडत. एका वर्षी लागोपाठ लावूनही थेंब पडला नाही. मला वाटलं, आता तरी अप्पांना पटेल.

अप्पा म्हणाले, "कॅसेट झिजली."

* * *

मग हिरव्यागार डोंगरावरचा एक मेंढपाळ आला. तो जागचा हलत नव्हता, नुसत्या शिट्ट्या मारत होता. लांब, पार टेकडीखाली त्याचं कुत्रं शिट्टीसरशी डावीकडं पळे, शिट्टीसरशी उजवीकडं वळे, शिट्टीसरशी गवतात झोपे. न भुंकता त्यानं सगळी मेंढरं वाड्यात नेऊन घातली.

मागं आमचा बिराप्पा धनगर घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. "परत लाव," तो म्हणाला. रशीदभाईंनी परत लावलं. "अजून एकदा." तेही लावलं. बिराप्पाचे डोळे भरून आले होते.

"माझा बा जल्मभर मेंढरामागं वरडत मेला, मास्तर. शिट्टीवर भागतंय म्हनून आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी बिराप्पानं माळावर स्वतःच्या कुत्र्याला, राजाला, शिट्टी मारली. राजानं कान टवकारले, धन्याकडं पाहिलं आणि गवतात आडवा झाला. बिराप्पा आनंदानं नाचतच गावात आला. "मास्तर, निम्मं आलं!"

राहिलेलं निम्मं तोवर अप्पांच्या ज्वारीत शिरून चरत होतं.

* * *

पुढं एक खेळ. हिरवं कापड घातलेलं भलंमोठं टेबल, जाकीट घातलेले दोन सभ्य गृहस्थ, लांब काठ्या आणि रंगीत गोट्या. एक जण वाके, नेम धरी, गोटी टेबलाच्या भोकात पाडी, आणि सांगणारा बाळ झोपलेल्या घरात बोलावं तसा कुजबुजे. तो कुजबुजतो म्हणून मीही कुजबुजत मराठी सांगू लागलो. मग हॉलही कुजबुजू लागला आणि शेवटी तेही थांबलं. कुणी खोकलं तर चार जणांनी डोळे वटारले.

रशीदभाई चहाला बाहेर गेले होते. परत येऊन पाहतात तर दाराशी चपलांचा ढीग, आत बायामाणसं चिडीचूप, माना पुढं, एकाचाही आवाज नाही. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, हळूच टोपी सारखी केली आणि माझ्या कानाशी लागले, "कौन गुजर गए, मास्टर?"

मी म्हणालो, "लाल गोटी."

* * *

सगळ्यात शेवटी एक घरटं होतं. इतक्या जवळून की अंड्यावरचे ठिपके मोजावेत. अंडं हललं, त्याला चीर गेली, आतून चोच आली. पिल्लू धडपडे, दमे, परत धडपडे. हे त्यांनी टिपलं तरी कसं, याचा आजही मला अचंबा वाटतो.

अक्का कधी टीव्हीपुढं जाऊन बसली, कळलं नाही. "वढू नगासा," ती पडद्याला सांगत होती. "घाई करू नगासा. त्याचं त्याला येऊ द्या."

पिल्लू बाहेर पडलं, ओलं, डोळे मिटलेलं. अक्कानं दोन्ही तळहात पदराला पुसले. प्रत्येक बाळंतपणानंतर ती असेच पुसते.

"आलं बाई!" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "ह्याची आय कुठं गेली?"

तेवढ्यात कॅसेट संपली.

* * *

"मग काय अक्का?" मी विचारलं. "जातीस का पोराकडं?"

"लई देखनं हाय समदं. एवढं डोळ्याला दिसलं, धन्य झाले. पन मास्तर, एवढी मानसं आली न् गेली, त्यातलं एक तरी मला बस म्हनलं का? उभं ऱ्हायाचं मी जल्मभर केलंय. आता म्हातारपनी परमुलखात जाऊन न्हाई करायची."

चार दिवसांनी ती माझा टेपरेकॉर्डर मागायला आली. "त्यानं त्याची सांज धाडली. मी माझी धाडते."

तिच्या अंगणात मी टेप लावला. शेळ्या घरी आल्या, त्यांच्या घंट्या आल्या. अप्पा रस्त्यावरून बिराप्पाला शिव्या देत गेले. विहारात वंदना झाली. चुलीपुढं भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर पडल्याचा आवाज. मध्ये अक्का चकार शब्द बोलली नाही. टेप संपत आली तसं मी खुणावलं, तेव्हा ती यंत्राकडं वाकून म्हणाली, "गौतमा, जेवून घे बाबा." बस, एवढंच! हैदराबादच्या मित्राबरोबर ती कॅसेट गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गौतम आला. संध्याकाळी अक्का चुलीपुढं, आम्ही दोघं ओट्यावर. तो सांगू लागला. ज्या घरात भाड्यानं राहतो तिथं एक म्हातारी मालकीण आहे, एकटीच. तिनंही बसून ती कॅसेट ऐकली.

"तिला काय कळलं रं, कप्पाळ!" अक्का म्हणाली.

"शबुदबी न्हाई कळला. पन शेवटाला तुझा आवाज आला आन् ती एकदम उठून उभी ऱ्हायली. कॅसेट संपली तरी उभीच."

"तू बस म्हनला न्हाईस?"

"म्हनलो की. ती म्हनली, आय बोलायली असताना बसायचं कसं?"

अक्काच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मागं न वळता म्हणाली, "तिकीट काढ."

"कुनाचं?" गौतमनं विचारलं.

"माझं. त्या बाईला बस म्हनाया पायजे."